दौंडच्या काकांची नाताळची यादी

दौंडच्या काकांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत. माणूस काय खात नाही, हे मात्र एकदा कानावर पडलं की त्यांच्या डोक्यात कायमचं बसे. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, नमस्कार-चमत्कार झाले, की दोन पावलं पुढे गेल्यावर काका मला सांगत, "हा मनमाडचा. ह्याला मुळा चालत न्हाई." नाव विचारलं तर म्हणत, "नाव काय की बाबा. पण मुळा न्हाई." आमच्या चर्चचे पाळकसाहेब त्यांच्या लेखी 'कारलं' होते. समोरच्या घरातल्या शिक्षिका 'खोबरं' होत्या. आणि मी, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, 'शेपू' होते. काकू कधी कधी चिडून म्हणायच्या, "माझं तरी नाव आठवतंय का, विचारा त्यांना." त्यावर काका शांतपणे सांगत, "हिला समदं चालतं. म्हणून तर ध्यानात राहत न्हाई."

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. काका रेल्वेत स्वयंपाकी होते. ड्रायव्हर आणि गार्ड लोकांना दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत विसावा घ्यायला दौंड जंक्शनवर एक इमारत आहे, तिला रनिंग रूम म्हणतात. तिथं काकांनी तीस-एक वर्षं काढली. येणारा माणूस आपापला शिधा बरोबर आणायचा. कुणाची तूरडाळ, कुणाचा तांदूळ, कुणाची दोन अंडी, कुणाचं पावशेर मटण. ज्याचं त्याचं वेगळ्या पातेल्यात शिजवायचं आणि तो झोपून उठला की गरम वाढायचं, एवढंच काकांचं काम. सोलापूरकडचे लोक यायचे, मनमाडचे यायचे, पुण्याचे यायचे. मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी, सगळ्या भाषांतली पोटं तिथं एका ओळीत शेगडीवर मांडलेली असत. नावं पाठ करून उपयोग नव्हता, कारण माणसं आठवड्याला बदलत. पण कुणाच्या पातेल्यात लसूण पडता कामा नये, हे विसरून चालत नव्हतं.

एकदा ते विसरले. म्हणजे विसरले असंही नाही, हात चुकला. एक वयस्कर ड्रायव्हर होते, पक्के शाकाहारी. त्यांच्या आमटीत काकांनी शेजारच्या मटणाच्या पातेल्यातला डाव घातला. आमटी ढवळली तेव्हा ध्यानात आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. आमटी लाल होती, मसाला सारखाच होता, कळायचं काही कारण नव्हतं. काकांनी त्या ड्रायव्हरला उठवलं आणि सांगितलं. त्या दिवशी तो माणूस उपाशीच गाडीवर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं." काका म्हणाले, "मला कळलं व्हतं की." पुढच्या खेपेला त्या ड्रायव्हरनं आपला शिधा काकांच्याच हातात आणून दिला, दुसऱ्या स्वयंपाक्याला दिला नाही. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी स्वतःची कुठलीच गोष्ट कधी सांगितली नाही. ते फार बोलणारे नव्हते, लाड करणारे तर मुळीच नव्हते. आम्ही मुलं त्यांना थोडी भीतच असू.

आम्ही शिरूरला राहायचो. पप्पा तिथल्या एका शाळेत शिक्षक होते आणि काका त्यांना 'मास्तर' म्हणत. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की थोड्याच दिवसांत दौंडहून पोस्टकार्ड येई. त्यात खुशाली विचारलेली नसे. 'नाताळास किती जण येणार, कोणत्या एसटीने येणार, कोणास काय वर्ज्य, ते उलट टपाली कळविणे. थोरल्या पोराच्या दाताचे काय झाले?' दाताची चौकशीही मायेपोटी नव्हे, चकली कडक करायची की खुसखुशीत, हे ठरवण्यासाठी असायची. असंच कार्ड नगरच्या आणि पुण्याच्या आत्यांनाही जाई. काका-काकूंना मूल नव्हतं. पण नाताळात त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सोळा-सतरा जण असायचो.

उत्तरं आली की काका यादी करत. वहीचा मधला दुपानी कागद काढून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवत. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याला काय नको ते. त्यातून जे उरेल त्यातून चार दिवसांचा बेत ठरे. माझी आई एकदा म्हणाली, "भाऊजी, कुणाला काय आवडतं ते विचारा ना. सोपं पडेल." काका म्हणाले, "आवडीचं काय, समदेच वाढत्यात. नको ते ताटात येऊ न देणं, त्याला ध्यान लागतं."

बेताची घडी ठरलेली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून काकू फराळाला लागत. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, आणि कलकल. कलकल म्हणजे मैद्याचे छोटे गोड तुकडे, काट्याच्या चमच्यावर वळले की शिंपल्यासारखे दिसतात. वळायचं काम आम्हा मुलींकडे असे. वाकडी वळलेली कलकल काका एका वेगळ्या डब्यात टाकत आणि ती वळणाऱ्यालाच संपवायला लागे. चोवीस तारखेला संध्याकाळी कॅरल म्हणणारी मंडळी दारात येत, त्यांना चहा-चिवडा. पंचवीसला सकाळची उपासना झाली की मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, भात, आणि मटण नको असणाऱ्यांना अख्ख्या मसुराची आमटी. सव्वीसला कढी-खिचडी. "काल पोट दमलेलं असतंय. त्येला एक रजा द्यायची," असं काका म्हणत. सत्तावीसला ज्याच्या त्याच्या गाडीच्या वेळेप्रमाणे डबे भरून तयार.

ताटात मात्र काही टाकायचं नाही. "तुला जे नको ते मी घातलं न्हाई. मंग आता टाकतीस कशापायी?" असं काका विचारत. माझा एक आतेभाऊ एकदा अर्धी भाकरी ताटात ठेवून पळाला. काका ताट घेऊन बसून राहिले. तो खेळून परत येईपर्यंत बसले होते. ओरडले नाहीत. नुसतं ताट पुढं सरकवलं.

केक घरी भाजला जात नसे, कारण भट्टी कुणाच्याच घरी नव्हती. पीठ घरी कालवायचं, बेदाणे आणि टुटीफ्रुटी संत्र्याच्या रसात मुरवून त्यात घालायची, साखर काळसर करपवून रंग आणायचा आणि ते डबे बाजारातल्या हमीदचाचांच्या बेकरीत न्यायचे. नाताळच्या आधी तीन-चार दिवस तिथं गावातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांचे डबे येत. त्यावर नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. चाचांचे आजोबा दौंडला आले तेव्हापासूनची ती बेकरी. पावाच्या भट्टीला किती आच, केकला किती, हे चाचा नुसता हात पुढे करून सांगत. डबे पोचवायला काका मला बरोबर नेत. दोघं जुने मित्र होते, पण बोलणं चार वाक्यांच्या पुढे गेलेलं मी पाहिलं नाही. काका विचारत, "कवा येऊ?" चाचा म्हणत, "अस्सर झाल्यावर या," म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर. केक निघाला की चाचा एका कडेचा तुकडा मोडून चव बघत आणि मान डोलावत. त्या मान डोलावण्यावर काकांचा नाताळ सुरू होई.

मी कॉलेजात होते तेव्हा सलग तीन वर्षं नाताळ रोज्यांच्या महिन्यात आला. पहिल्या वर्षी आम्ही केक आणायला गेलो तेव्हा चाचांनी तुकडा मोडला नाही. हसून म्हणाले, "आज तुम्हीच बघा." काकांनी तुकडा खाल्ला नाही. केक घेऊन घरी आले, दारामागच्या यादीपुढं उभे राहिले आणि पेन्सिलीनं पंचवीस तारखेचं दुपारचं जेवण खोडून संध्याकाळी साडेसहाला लिहिलं.

पप्पा आल्यावर त्यांनी ते वाचलं. ते चर्चच्या पंचमंडळावर होते, त्यांना रीत सुटलेली चालत नसे.

"दादा, नाताळचं जेवण आपल्यात दुपारी असतं."

"असतं."

"मग हे काय?"

"हमीदला बोलावलंय. त्येचा रोजा सहाला सुटतो."

"अरे, त्यांना रात्रीला वेगळं बोलाव. सगळ्यांना कशाला उपाशी ठेवतोस? पोरं आहेत."

"पोरांस्नी दुपारी चिवडा देऊ. ज्येच्या भट्टीत केक झाला तो उपाशी, आन् आपण ढेकरा देत बसायचं, व्हय?"

त्या दिवशी पप्पा रुसल्यासारखे बाहेरच्या खाटेवर पेपर वाचत बसले. आत्याही कुरकुरल्या. मटण हलालच होतं, काका ते नेहमी हलालच्या दुकानातूनच आणत. रोजा सोडून सव्वासहाला चाचा आणि त्यांचा मुलगा आले. बरोबर बेकरीतला गरम पाव आणि खजूर होता. आधी खजूर सगळ्यांच्या हातावर ठेवला गेला. दिवसभर चिवड्यावर राहिलेली आम्ही मुलं त्या संध्याकाळी जेवढं जेवलो तेवढं कधी जेवलो नव्हतो. तीन वर्षं तसंच चाललं. चौथ्या वर्षी रोजे नाताळच्या आधी संपले आणि जेवण पुन्हा दुपारी गेलं.

त्याच सुमाराला मला सणसवाडीच्या एका कारखान्यात ऑफिसातली नोकरी लागली. शिक्रापूरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागले. कारखान्यात दत्ता भेटला. कोरेगाव भीमाजवळच्या एका खेड्यातला, घरची झेंडू-शेवंतीची आणि भाजीपाल्याची शेती. दोघांनी वर्षभर विचार केला आणि नोंदणी लग्न केलं. घरी सांगितलं ते लग्नानंतर.

ही माझी चूक होती आणि ती मला तेव्हाही कळत होती. पप्पांनी आरडाओरडा केला नाही. दत्ताला घेऊन मी शिरूरला गेले तेव्हा ते दारातच म्हणाले, "तू आम्हाला विचारलं नाहीस. आता भेटायला तरी कशाला आलीस?" आईनं आतून पाणी आणलं, ते आम्ही उंबऱ्याबाहेर उभ्यानं प्यालो. दत्ताच्या घरी त्यामानानं शांतता होती. सासऱ्यांनी 'झालं ते झालं' म्हटलं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मला घरात घेतलं, साडी दिली, पण स्पष्ट सांगितलं, "तुझं माहेर तुला. मला त्यांच्याकडं पाणी प्यायला लावू नगं. राग न्हाई, पण माझं माळेचं हाय."

तो नोव्हेंबर मला फार कठीण गेला. आईचा फोन चोरून यायचा. या वर्षी नाताळला कुठं जायचं, याचा विचारसुद्धा मी करत नव्हते. आणि एक दिवस, लग्नानंतर आम्ही दोघांनी शिक्रापूरला घेतलेल्या खोलीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. पत्ता काकांनी कुठून मिळवला, कोण जाणे. अक्षर तेच, मजकूर एका ओळीचा. 'जावई काय खात नाहीत ते कळवावे. कोणत्या एसटीने येणार तेही कळवावे.'

मी ते कार्ड घेऊन पलंगावर बसले. दत्तानं विचारलं, "काय लिहिलंय?" मी दिलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "लग्नाचं काहीच नाही विचारलं?" मी म्हटलं, "विचारलंय की."

उत्तरात मी लिहिलं की दत्तानं मटण-मासे कधी खाल्ले नाहीत, अंडंसुद्धा नाही, घरात माळ आहे. हे वाचून काकांनी काय केलं, ते मला नंतर काकूंकडून कळलं. अंडं न घालता केक करायचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. ते हमीदचाचांकडे गेले. दोघांनी मिळून दही आणि सोडा घालून करून पाहिला. पहिला केक विटेसारखा झाला. दुसरा वर फुगला आणि आत बसला. तिसरा शेजारच्या शेळीला घातला. "महिनाभर दोघं म्हातारे दुसरं काय बोलतच नव्हते," काकू म्हणाल्या. डिसेंबरच्या मध्यावर कधीतरी तो जमला.

आम्ही चोवीसला दुपारी पोचलो. काकांनी दत्ताला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ताक चालतं ना?" तो हो म्हणाला. झालं, ओळख झाली. आत गेल्यावर पाहिलं तर ओट्याच्या एका बाजूला नवी कोरी भांडी मांडलेली. दोन पातेली, तवा, डाव, दोन ताटं. दत्ता ओशाळला.

"काका, याची काही गरज नव्हती. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांबरोबरच जेवतो."

"तुमच्यासाठी न्हाई ती, जावईबापू. तुमच्या आईसाठी हायत."

"आई कुठं आलीय?"

"आल्या न्हाईत. पण उद्या विचारतील, लेका, कशात शिजवलेलं खाल्लंस? तवा तुम्हाला खोटं बोलायला लागू नये."

दत्ता नंतर मला म्हणाला की आमचं लग्न झाल्यापासून त्याच्याशी असं आपुलकीनं कुणी बोललं नव्हतं.

पप्पा आले नाहीत. आईही आली नाही. पंचवीसच्या पंगतीत आत्यांनी त्यांचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. जेवण चांगलं झालं असावं. मला त्यातलं वांग्याचं भरीत तेवढं आठवतं, कारण दत्तानं ते दोनदा घेतलं आणि काका तिसऱ्यांदा वाढायला आले. सव्वीसला सकाळी उठले तर काका घरात नव्हते. काकू म्हणाल्या, "शिरूरच्या एसटीनं गेले. डबा घेऊन."

तिथं काय झालं ते आईनं सांगितलं. काका साडेअकराला पोचले. पप्पांनी "ये दादा," म्हटलं. काकांनी डबा उघडून जमिनीवर मांडला. माझा विषय काढला नाही. शाळेचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं, घोडनदीला पाणी किती आहे ते विचारलं. पप्पा जेवले. शेवटी केकचा तुकडा खाल्ला आणि थांबले.

"यात अंडं नाही."

"न्हाई."

"तरी बरा झालाय."

"चौथ्या खेपेला झाला," काका म्हणाले.

पप्पांनी दुसरा तुकडा घेतला. डबा आवरताना काकांनी विचारलं, "मास्तर, म्होरल्या वर्षी तुझं नाव लिहू का नको? नको असंल तर आताच सांग. मला चार ताटं आधी मोजाय लागतात."

पप्पांनी डब्याचं झाकण लावून दिलं, असं आई सांगते. मग म्हणाले, "लिही."

पुढच्या नाताळात पप्पा आले. माझ्याशी बोलले ते 'बरी आहेस ना' इतकंच. दत्ताशी काहीच नाही. पंगतीला काकांनी दोघांना समोरासमोर बसवलं होतं. मध्येच पप्पांनी इकडं-तिकडं पाहिलं. दत्तानं न विचारता मिठाची वाटी पुढं केली. पप्पा म्हणाले, "तुम्ही घेतलंत?" दत्ता म्हणाला, "हो." त्या वर्षी त्या दोघांत एवढंच बोलणं झालं. त्यापुढच्या वर्षी फुलांच्या भावावर तासभर चर्चा झाली. मला आठवा महिना लागला होता तेव्हा पप्पा स्वतः आईला घेऊन शिक्रापूरला आले आणि दत्ताबरोबर बाजारात जाऊन पाळण्यासाठी दोरी घेऊन आले.

सासूबाई मात्र आल्या नाहीत. काका दर वर्षी त्यांना निराळं पोस्टकार्ड घालत. 'आपणास काय वर्ज्य ते जावईबापूंकडून कळले आहे. त्याप्रमाणे व्यवस्था केली आहे. यावे.' सासूबाई ते दत्ताकडून वाचून घेत आणि म्हणत, "माणूस भला दिसतोय. पण माझं तुम्हाला ठाव हाय." काका कधी दुखावलेले दिसले नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, त्या नाही यायच्या. कशाला कार्ड घालता?" ते म्हणाले, "माळेचं म्हंजी माळेचं. मान ठेवायचा. पण मी बोलावलंच न्हाई, असं नको व्हायला." तेवढ्यावर विषय संपला. काका वाट पाहत होते असं मला वाटत नाही. बोलावणं हे त्यांचं काम होतं, येणं हे त्यांचं नव्हतं. त्यांची या बाबतीतली अलिप्तता मला तेव्हा विचित्र वाटायची.

शेवटची दोन-तीन वर्षं ते थकले होते. भाकरी काकू आणि आत्या करत. काका खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारात बसत आणि कुणाच्या ताटात काय चाललंय ते पाहत. पोस्टकार्डं बंद होऊन फोन सुरू झाले होते. फोनवर ते अजूनच कमी बोलत. "कोण कोण? काय नको? बरं," आणि फोन बंद.

ते गेले तेव्हा नाताळला तीन आठवडे होते. सकाळी फिरत फिरत हमीदचाचांच्या बेकरीत गेले, केकचे डबे कोणत्या दिवशी आणायचे ते ठरवलं आणि बाकावर बसले. पाणी मागितलं. चाचा आतून पेला घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. चाचांनीच रिक्षातून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. निवृत्त झालेले सात-आठ ड्रायव्हर-गार्ड आले होते. त्यांतल्या बहुतेकांना काकांचं नाव तिथंच पहिल्यांदा कळलं. ते त्यांना नुसतं 'महाराज' म्हणत. रेल्वेत स्वयंपाक्याला असंच म्हणतात. चाचांनी मूठभर माती टाकली आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

घरी परतलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. स्वयंपाकघर थंड होतं. काकू खाली भिंतीला टेकून बसलेल्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. आत्यांनी समजावलं, आईनं चहा पुढं केला, पण त्यांनी मान हलवली. पप्पा बाहेरच्या पायरीवर बसून होते. बाहेरून काहीतरी मागवावं का, असं कुजबुजणं चाललं होतं. तेवढ्यात जीप थांबल्याचा आवाज आला.

दत्ता पहाटेच कुठं गेला होता ते मला माहीत नव्हतं. जीपमधून आधी तो उतरला, मग सासरे, आणि मग दोन हातांत मोठी टोपली धरून सासूबाई. टोपलीवर पांढरं फडकं बांधलेलं. अंगणात चपला काढून त्या सरळ आत आल्या. पप्पा गडबडीनं उठले. "तुम्ही कशाला त्रास..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सासूबाई म्हणाल्या, "सोयऱ्याच्या घरी चूल बंद हाय म्हणल्यावर घास आणायला नको, व्हय?"

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात आप्तांनी पहिलं जेवण आणायचं असतं, त्याला कडू घास म्हणतात. तो सोयऱ्यांनी आणायचा असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण सासूबाईंनी तो आणावा, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी फडकं सोडलं. आत पिठलं, चाळीसेक भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. शेजारच्या बायकांना घेऊन त्या पहाटे तीनपासून भाकरी थापत होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे ताटं मागितली. मी आमची रोजची ताटं काढून दिली. सगळ्यांना बसवलं, स्वतः वाढलं. पप्पांच्या ताटात भाकरी ठेवताना म्हणाल्या, "बसा, मास्तर. पोटाला घ्या." पप्पा ताटावर बसले.

काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. सासूबाईंनी एका ताटात थोडं पिठलं आणि अर्धी भाकरी घेतली आणि त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. दोघी पहिल्यांदाच एकमेकींना पाहत होत्या.

"खावा."

काकूंनी मान हलवली.

"मग मीबी खात न्हाई. पहाटंपास्नं माझ्याबी पोटात काय न्हाई."

काकूंनी वर पाहिलं. घरी आलेलं माणूस त्यांच्यासमोर उपाशी बसलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. मग सासूबाईंनी त्याच ताटातून दुसरा तुकडा मोडला. दोघी हळूहळू जेवल्या. अर्धी भाकरी संपल्यावर काकूंनी स्वतःहून आणखी मागितली.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठं हाय?"

पप्पा उठले. माठातून तांब्या भरून त्यांनी स्वतः आणून दिला. सासूबाईंनी पदर सावरला आणि तांब्या उंच धरून वरूनच पाणी प्यायल्या, पोटभर.